कमलताई आणि 'कधी'

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी काय विचारावं? "कधी?" पलीकडे कमलताईची लेक माधुरी रडत होती आणि मी वेळ विचारत होते. आदल्या संध्याकाळी तर ताई आमच्याकडे चहा पिऊन गेली होती... तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून फाटकाशी, परत खिडकीपाशी. सून म्हणते, "आई, चक्कर येईल." येऊ दे.

मूल नावाच्या आमच्या गावातल्या शाळेत, राइस मिलच्या खडखडाटात, ताई इंग्रजी शिकवायची, मी मराठी. एका वर्षी शिक्षक कमी पडले आणि सहावीचं इंग्रजी माझ्या गळ्यात आलं. मी तेव्हा पंचविशीची. डोळ्यांवर गॉगल आणि आपल्याला इंग्रजी येतं हा दांडगा समज! वर्गात ठणकावून सांगितलं, हॅव म्हणजे जवळ असणे. 'आय हॅव ईटन' म्हणजे माझ्याजवळ खाल्लेलं आहे. पोरं माझ्या पोटाकडे पाहत बसली. पुढे शाळेची तपासणी आली; साहेब आदल्या दिवशीच गावात उतरलेले. मी हार घेऊन पुढे झाले आणि म्हणाले, "सर, यू हॅव कम येस्टरडे!" साहेबांनी खुशीने मान डोलावली. मागे ताई तोंडाला पदर लावून हसून गदगदत होती.

त्याच संध्याकाळी ती घरी आली. चहा पिऊन कप खिडकीत ठेवला.

"शशे, मी चहा पेली हाय. कप अजून इथी हाय ना? मंग हॅव. कप धुतला का खेळ खतम."

"पण आपण म्हणतोच की, पाहुणी काल आली आहे."

"आपल्या मराठीले चालते. इंग्रजीत 'काल' म्हटलं का हॅव पळून जाते. झालं एवढंच सांगाचं, कधी झालं ते नाई."

"काऊन, असं का?"

"त्याहिची भाषा हाय, त्याहिले इचार!"

मग ती सवयच पडली. निवृत्तीनंतरही रोज यायची, कप खिडकीतच ठेवायची आणि फाटकातून ओरडायची, "हॅव!"

परवा माधुरीने शाळेतल्या ताईच्या तसबिरीखाली लावायला इंग्रजीत एक ओळ मागितली. मी लिहून पाठवलं: शी हॅज टॉट अस ऑल. तिचा लगेच फोन.

"मावशी, हॅज नको ना... आई आता नाई. नुसतं टॉट."

बरोबर होतं तिचं. गेलेल्या माणसाला हॅज लागत नाही, हा नियमही ताईनेच शिकवलेला. मी तेव्हा तो हसत हसत पाठ केला होता. आता माझ्याजवळच्या कच्च्या प्रतीतला तो एक शब्द खोडताना कागद फाटला. दुसऱ्या कागदावर लिहिलं: शी टॉट अस ऑल. दिलं पाठवून.

खिडकीतला कप मात्र तिथेच आहे. तळाशी चहा वाळून काळा झालाय, मुंग्यासुद्धा येऊन कंटाळून गेल्या. आज सुनेने हात पुढे केला.

"आई, धुऊन टाकते आता. कधी प्यायल्या होत्या त्या यातून?"

"कधी ते विचारू नको गं," मी तिचा हात धरला. "प्यायल्या आहेत. एवढंच."