कमलच्या नावाचा डबा

कमल गेली हे कळलं तेव्हा माझ्या हातात कुणाच्या तरी घशातले जंतू होते. परळच्या एका प्रयोगशाळेत मी रोज हेच काम करते. घशातून फिरवलेला कापूस काचेच्या बशीवर ओढायचा आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते बघायचं. दारात तिचा मोठा भाऊ उभा होता. म्हणाला, "सुमन, आपली कमल गेली गं..." मला रडू आलं नाही, राग आला. आज पाच आठवडे झाले, तो उतरलेला नाही.

लालबागच्या चाळीत कमलच्या आणि आमच्या खोलीमध्ये एकच भिंत. नळाला पाणी आलं की कमल हाळी द्यायची आणि खालच्या मजल्यावरचेसुद्धा हंडे घेऊन धावायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा सुरू झाल्या तशी बायकांच्या मोर्च्यात पुढे तीच आली. तिनं "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" म्हणायचं आणि मागून "झालाच पाहिजे" उठायचं. मीही ओरडले आहे तिच्यामागे, खोटं कशाला सांगू?

पण घसे बसायचे. एकीचा ताप दुसरीला लागायचा. डॉक्टर आठवडाभराच्या सल्फाच्या गोळ्या द्यायचे आणि मग आमच्या चाळीचं मन मोठं व्हायचं. दोन दिवसांत घास गिळता आला की उरलेल्या गोळ्या कमलच्या आईच्या पत्र्याच्या डब्यात जायच्या. ज्याचा घसा धरेल त्यानं यावं, दोन घ्याव्यात. पूर्ण घे, एकटीनं घे, असं कमलला सांगून माझंच तोंड दुखलं.

"अगं, सहा जणींचे घसे बसलेत आणि मी एकटीनं गिळू? लाडू आहेत का ते?"

लाडू असते तर बरं झालं असतं. अर्धवट औषधानं दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि तेच पुढच्या घशात मुक्कामाला जातात. शेवटी मी तिच्याच घशातला कापूस प्रयोगशाळेत नेला. बशीवर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतात. औषध लागू पडणार असेल तर टिकलीभोवती स्वच्छ गोल राहतो. सल्फाच्या टिकलीला जंतू अगदी खेटून वाढले होते. पेनिसिलिनभोवती मात्र लख्ख मोकळी जागा. तिला बोलावून दाखवलं, तर बशीवर वाकून म्हणते कशी, "खमके आहेत गं, हटतच नाहीत. मोर्च्यात घ्यायला हवेत!" मीसुद्धा हसले. त्या हसण्याचा मला आता संताप येतो.

पेनिसिलिनची दहा इंजेक्शनं सांगितली होती, रोज एक. चौथ्याला आवाज मोकळा झाला. पाचव्या दिवशी सभा होती. ती सभेला गेली ती दवाखान्यात परतलीच नाही. दुखायचं थांबलं की औषध थांबवायचं, ही त्या डब्याचीच सवय. तीन आठवड्यांनी गुडघे सुजले, मग धाप लागायला लागली... घशातल्या दुखण्यानं हृदय धरलं, असं डॉक्टर म्हणाले. लागू पडणारं औषध चालत जाण्याच्या अंतरावर होतं. बावीस वर्षांची होती ती.

गेल्या रविवारी काकींकडे, कमलच्या आईकडे गेले. फळीवर कमलचा फोटो, त्याला झेंडूचा हार आणि शेजारी तोच डबा. माझा घोगरा आवाज ऐकून काकींनी झाकण काढलं.

"तुझो घसो बसलो दिसता गो. घे दोन. कमलच्या नावान ठेवलंय. सगळी आणून टाकतत."

सांगायचं ठरवूनच गेले होते. पण लेकीच्या फोटोला रोज ताजा हार घालणाऱ्या आईला हे कसं सांगायचं? तेवढ्यात शेजारची शोभा आली. आता कमलच्या जागी घोषणा तीच देते. काकींनी तिच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या. एक तिनं पाण्याबरोबर गिळली, दुसरी पदराच्या गाठीत बांधली. "ही बहिणीला," म्हणाली.

म्हणून हे पेपरात लिहिते आहे. काकींना वाचता येत नाही, पण चाळीत पेपर मोठ्यानं वाचतात आणि बहुधा शोभाच वाचेल. शोभा, इथपर्यंत आलीस तर थांबू नकोस. पुढचं काकींना नीट ऐकू जाईल असं वाच.

काकी, आपली कमल त्या डब्यानं नेली. शोभाला देऊ नका.