पालथं घातलेलं आठ

मॅनेजरने टेबलावरून हात लांब केला आणि माझं कार्ड पालथं घातलं. दोन बोटांनी. ताटातला केस उचलावा तसं.

म्हणाला, "हिचं धरू नका. ट्रकवाल्याच्या घरी सगळं टनातच मोजतात."

सहा माणसं हसली. मीही हसले. त्याची लाज आजही वाटते मला.

म्हापशातलं ऑफिस. सॉफ्टवेअर बनवतो आम्ही. दर दोन आठवड्यांनी स्प्रिंट, म्हणजे कामाची नवी फेरी. त्याआधी कुठलं काम किती जड ते ठरवायचं; जड कामाला मोठा आकडा. प्रत्येकाने आपल्या आकड्याचं कार्ड पालथं ठेवायचं, मग सगळ्यांनी एकदम उताणं करायचं. कोणी कोणाचं बघून आकडा लावू नये म्हणून. ज्याचा आकडा वेगळा, त्याने कारण सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. हा नियम मॅनेजरनेच भिंतीवर चिकटवलाय. इथे सगळे समान, असं तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो.

त्या दिवशी सगळ्यांचे तीन आले. माझे आठ.

काम होतं खाणीवरच्या ट्रकांचे नंबर लावायचं. वजनकाट्यावर आधी कोण, मागून कोण. मी सुर्ल्याची, खाणीच्याच गावची. बाबांनी वीस वर्षं ट्रक चालवला, तोही दुसऱ्याचा. तो दुसरा म्हणजे ह्याच मॅनेजरचा काका. लहानपणी मी बाबांचा डबा घेऊन त्या लायनीत जायचे. लायनीत ट्रक बंद पडला की मालक बदली गाडी पाठवतो, आणि तिला जुन्याच ट्रकाचा नंबर मिळतो. कागदावर हे कुठेच नाही. काट्यावर मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून माझे आठ. पण मला तोंडच उघडू दिलं नाही.

काम तीनात उरकलं. काट्यावर चालवून बघायला नेलं, त्याच दिवशी एक ट्रक बंद पडला. बदली गाडी आली. आमच्या सॉफ्टवेअरने तिला पार शेवटी ढकललं. ड्रायव्हर भांडले, लायन अडली, गिऱ्हाइकाचा फोन आला. दुपारी बोर्डावर चुकांच्या रकान्यात चिठ्ठी लागली होती. तिच्यावर माझं नाव.

मॅनेजर म्हणाला, "तुझ्याच गावचं काम. तुला ठाऊक नको?"

चोराच्या उलट्या बोंबा. आणि मी मान डोलावली. बसमध्ये डिचोलीपर्यंत मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

घरी बाबा चहात उंडो पाव बुडवून खात होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी खाणं थांबवलं.

"बाय, घुसणाऱ्याक वाट दिलंस काय तो तुझ्या नंबरार बसता. मगे तू हॉर्न मारीत रव." मग खाली बघत म्हणाले, "मी वाट देत इलंय. वीस वर्सां."

बाबांना मी कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. संताप आला. त्यांचा नव्हे. माझ्या त्या हसण्याचा.

पुढच्या फेरीला परत कार्डं मांडली. काम तीच लायन दुरुस्त करायचं. सगळ्यांचे पाच. माझे तेरा. मॅनेजरचा हात आला. मी कार्डावर तळवा ठेवला.

"हात काढ."

"नाही काढत. नियम तुम्ही चिकटवलाय. आकडा माझा वेगळा. मी बोलणार."

बदली गाडीचं सांगितलं, काट्यावरच्या रीतीचं सांगितलं. मग म्हटलं, "मागच्या फेरीत मी आठ दाखवले होते. ते कोणी पालथे घातले, तेही त्या चिठ्ठीवर लिहा."

कोणी हसलं नाही. कोणी माझ्या बाजूने बोललंही नाही.

"तुझी वागणूक वर कळवावी लागेल," तो म्हणाला.

"कळवा."

त्याने कळवलं. ताकीद आलीय, लेखी. जेवायच्या सुट्टीत आता माझ्या टेबलाला कोणी बसत नाही. नोकरी राहील का, माहीत नाही. भीती वाटते, खोटं कशाला सांगू.

सोमवारी परत फेरी आहे. मी माझं कार्ड मांडणार. आकडा चुकेल एखादवेळी, चुकू दे. पण ते पालथं घालायला कोणाचा हात आला, तर माझा हात आधीच तिथे असेल. आणि मी हसणार नाही.