अणदूरच्या चौकातली तलवार

माझं गाव बेंबळी. पलटणीत मी हवालदार होतो, सेक्शन कमांडर. माझ्या सेक्शनमध्ये अणदूरचा लान्स नायक मल्लिनाथ होता. पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या छावणीत असताना अफसरांच्या परेडच्या तलवारी चमकवायचं काम त्याच्याकडं असायचं. त्या तलवारींना धार नसते. हुद्दा दिसावा म्हणून त्या असतात.

नंतर पलटण काश्मीरला, सीमेवर गेली. एका सकाळी पेट्रोलिंगवर असताना नाल्याच्या वळणावर समोरून फायर आला. रेडिओ ऑपरेटर थॉमस खांद्यात गोळी लागून उघड्यावर पडला. मी हुकूम देण्याआधीच मल्लिनाथ सरपटत गेला. थॉमसला त्यानं दगडामागं ओढून आणलं. आणताना मल्लिनाथच्या पोटात गोळी लागली.

मी थॉमसचा रेडिओ सेट घेतला. "दो कॅज्युअल्टी. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

"टीम निकल चुकी है. वेट. ओव्हर."

फायर थांबल्यावर टीम पोचली. स्ट्रेचर एकच होतं. थॉमसचं रक्त थांबत नव्हतं.

"उस्ताद, आधी त्याला न्या," मल्लिनाथ म्हणाला.

थॉमसला पाठवलं. दुसरं स्ट्रेचर येईपर्यंत मल्लिनाथ गेला.

पार्थिवाबरोबर मी अणदूरला आलो. लिंगायत रीतीनं दफनविधी झाला. काही दिवसांनी चौकात श्रद्धांजली सभा ठेवली. मला थांबवून घेतलं होतं. एक पुढारी आले. कार्यकर्त्यांनी सोनेरी मुठीची, मखमली म्यानातली मोठी तलवार आणली होती. आधी ती पुढाऱ्यांनी उंच धरली. फोटो झाले. मग ती मल्लिनाथच्या वडिलांच्या हातात दिली.

"काका, जरा वर धरा," फोटोवाला म्हणाला.

काकांनी ती टेबलावर ठेवली. "तुम्ही मोठी माणसं. तुमच्या हातात शोभती ती," ते पुढाऱ्यांना म्हणाले आणि स्टेजवरून उतरले. मी त्यांच्या मागं गेलो.

मंडपामागं त्यांनी विचारलं, "शेवटी काय बोललं का लेकरू?"

मी सांगितलं.

"मग ते दुसरं पोरगं?"

"वाचलं."

"बरं झालं. एकदा जेवायला घेऊन या त्याला."

तलवार कार्यकर्त्यांनी नंतर घरी पोचवली. मल्लिनाथच्या आईनं ती कपाटामागं ठेवून दिली.

थॉमसचा हात बरा झाल्यावर आम्ही दोघं सुट्टी घेऊन अणदूरला गेलो. त्याला मराठी येत नव्हती, काकांना हिंदी जेमतेम. जेवण झालं. निघताना काकांनी त्याच्या शर्टाची कॉलर बाजूला केली, खांद्यावरचा व्रण पाहिला आणि त्यावर हात ठेवला.

"मल्लिनाथनं आणलं व्हय तुला," ते म्हणाले.