डब्लिन वाढतंय, जरा सरकून बसा

विमान ढगांच्या खाली आलं आणि डब्लिनच्या आधी मला क्रेन दिसल्या. समुद्राच्या कडेला, नदीच्या दोन्ही तीरांवर, नजर जाईल तिथे. शेजारच्या सीटवरचा आयरिश गृहस्थ अभिमानाने म्हणाला, "सगळं नवीन बांधतोय आम्ही."

"आणि जुनं?" मी विचारलं.

"ते काय, आहेच."

नागपुरात नगररचना खात्यात उभी हयात काढलेल्या बाईला हे उत्तर चांगलंच ओळखीचं होतं.

ही २००६ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. उन्हाळा असं तिथले लोक म्हणतात. मी स्वेटर काढला नाही. माझा मुलगा निखिल तिथे सॉफ्टवेअर कंपनीत, सून मुग्धा औषधांच्या कारखान्यात आणि नात इरा पहिलीत. राहायला ओंगारला, म्हणजे शहराच्या पश्चिमेच्या एका नव्या वसाहतीत, भाड्याच्या घरात. ह्यांना विमान सोसत नाही, म्हणून मी एकटीच गेले. निखिल फोनवर म्हणाला होता, "आई, आम्ही घर घेतोय. तू बघ आणि सांग." पोचल्यावर कळलं, की मी फक्त बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर पडल्यावर मी पाय मोकळे करायला निघाले आणि परतताना चुकले. तिथली घरं इतकी सारखी, की नकाशा काढणाऱ्याने एकच काढून बाकीची चहा पीत काढली असावीत. मी खुशाल एका दाराला किल्ली लावून झटापट करत राहिले. दार आतून उघडलं. समोर पांढऱ्या केसांची एक बाई.

"हे तुमचं घर नाही," ती म्हणाली. "पण वाईट वाटून घेऊ नका. माझ्या जावयानेही एकदा हेच केलंय, आणि तो तर इथलाच. या, किटली ठेवते."

तिचं नाव नोरीन. मुलीकडे राहायची. "कप प्रेसमध्ये आहेत," असं तिने सांगितल्यावर मी इस्त्री शोधू लागले. प्रेस म्हणजे कपाट. चहा मात्र कडक, दुधाचा, आपल्या वळणाचा. मी शहर पाहायला आलेय म्हटल्यावर ती म्हणाली, "मग ते इथे नाही. मी दाखवते. माझा जन्म एका सरदाराच्या हवेलीत झालाय."

दोन दिवसांनी आम्ही दोघी बसने गावात, म्हणजे जुन्या डब्लिनमध्ये गेलो. बस चालत होती म्हणण्यापेक्षा रस्त्यावर मुक्काम करत होती. गावात विटांच्या उंच, सरळ रेषेतल्या हवेल्या, रंगीत दारं आणि दारांवर पंख्याच्या आकाराची काच. इंग्रजी अमलातल्या सरदारांनी त्या बांधल्या. पुढे दोनशे वर्षांपूर्वी इथली संसद लंडनला गेली, तिच्यामागे सरदार गेले आणि हवेल्यांत गरीब भाडेकरू भरले.

"एका खोलीत आम्ही सगळी भावंडं," नोरीन वर बोट करत म्हणाली. "ती खिडकी आमची. बाकी प्रत्येक खोलीत एकेक कुटुंब. नळ अंगणात."

आता दारावर वकिलांची पितळी पाटी होती. आम्ही फार वेळ वर बघतोय हे पाहून आतून एक टायवाला तरुण आला. "काही मदत हवी का?"

"नको रे बाळा," नोरीन म्हणाली. "मी फक्त जन्मले इथे."

तो गोंधळला आणि त्याने दार लावून घेतलं. ती हसली, पण त्या खिडकीवरून तिची नजर लवकर हटली नाही. पुढे सरकारने तिच्या घरच्यांना शहराच्या उत्तरेला मनोऱ्यांसारख्या उंच इमारतींत नेऊन ठेवलं. आता ते मनोरे पाडायला घेतले होते. "मनोऱ्यातून मुलीने मला ओंगारला आणलं," ती म्हणाली. "दर वेळी आणखी लांब. पुढच्या खेपेला थेट पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवेच्या समुद्रात."

मग तिने मला नदीकाठच्या कचेऱ्या दाखवल्या. तिथे पाया खणताना हजारेक वर्षांपूर्वीची व्हायकिंगांची वस्ती सापडली. लोक रस्त्यावर उतरले, मोर्चे निघाले आणि मग तिथेच महापालिकेच्या इमारती उभ्या राहिल्या. हे ऐकून मला परदेशात प्रथमच घरच्यासारखं वाटलं. नव्या ट्रामचे तेव्हा दोन मार्ग होते आणि ते एकमेकांना कुठेच भेटत नव्हते. मधलं अंतर प्रवाशांनी चालायचं. मुख्य रस्त्यावर पूर्वी एका इंग्रज दर्यासारंगाचा स्तंभ होता, तो स्फोटात उडाला. त्या जागी आता आकाशात घुसलेली एक पोलादी सुई आहे.

"कशासाठी आहे ही?" मी विचारलं.

"ते विचारायला लोक इथे थांबतात," नोरीन म्हणाली. "त्यासाठीच असेल."

रविवारी निखिल मला, मुग्धाला आणि इराला घर दाखवायला घेऊन गेला. पोर्टलीश नावाच्या दूरच्या गावाच्या वाटेवर किती वेळ गाडी चालली! शेतं आली, गाई आल्या, पाऊस येऊन गेला. "हे डब्लिनच का?" मी विचारलं. "कम्यूटिंग डिस्टन्स आहे, आई. इट्स ग्रँड." ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. 'ठीक आहे, चालेल' याला तिथे ग्रँड म्हणतात.

वसाहतीच्या नावात ओकची राई होती. जागेवर ओक एकही नव्हता. नाव ठेवायच्या आधी तोडले असावेत. चिखलात फळ्या टाकलेल्या, त्यांवर माणसांची रांग. टेबलापाशी रेघांच्या सुटातला विक्रीवाला.

"युअर मॅन म्हणतो, दुपारपर्यंत सगळी घरं जातील," निखिल धापा टाकत म्हणाला.

"माझा कोण तो?"

"अगं, इथे तसं म्हणतात. तो माणूस."

भिंतीवरच्या नकाशात सगळीकडे हिरवे पट्टे: बाग इथे, शाळा इथे, रेल्वे स्टेशन इथे. आमच्या खात्यात हिरव्या रंगाची बाटली सगळ्यात आधी संपायची, ते आठवलं.

नमुन्याचं घर छान सजवलेलं होतं. जिना चढून दम लागला, म्हणून मी बेडरूममधल्या पलंगावर जरा आडवी झाले, तर पाय गुडघ्याखाली बाहेर! मी पाच फुटांची बाई. नीट पाहिलं. पलंग आखूड, कपाट चिंचोळं, खुर्ची बाहुलीची. खोली मोठी दिसावी म्हणून सामान लहान करून आणलं होतं. इरा आली आणि खिदळली, "आजी, यू आर गॅस!" (गॅस म्हणजे विनोदी.) विक्रीवाला धावत आला. "मॅडम, हे झोपायला नाही."

"मग घर तरी राहायला आहे का?" मी विचारलं. तो हसला. निखिल हसला नाही.

खाली आलो तेव्हा निखिलचा नंबर लागला होता. पेन हातात होतं. मुग्धाने विक्रीवाल्याला विचारलं, "शाळा कधी?"

"प्लॅन्ड आहे."

"आणि स्टेशन?"

"तेही."

ती निखिलकडे वळली आणि मराठीत बोलू लागली. "माझा कारखाना डब्लिनच्या पार पलीकडे. मी निघेन तेव्हा इरा झोपलेली असेल, परत येईन तेव्हाही झोपलेलीच."

"दोन-तीन वर्षं काढायची गं. आत्ता नाही घेतलं तर कधीच नाही. सगळेच करतायत."

"सगळे करतात म्हणून मी बरंच केलंय, निखिल. देश सोडला. हे नाही करणार."

मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. माझ्या जिभेवर चार टोमणे तयार होते. मी एकही काढला नाही. मग निखिलने पेन टेबलावर ठेवलं, आणि मागचा माणूस आभारसुद्धा न मानता पुढे घुसला.

मी नागपूरला परत आले त्याला आता वर्ष होत आलं. डब्लिन कसं आहे, असं लोक विचारतात. सुंदर आहे, मी सांगते, पण वाढतंय. शहर वाढू लागलं की ते माणसांना बाहेर ढकलतं. गरिबांना उचलून नेतं, म्हाताऱ्यांना समजावून नेतं, आणि ज्यांना चांगला पगार आहे ते रांग लावून आपणहून जातात.

निखिल दर रविवारी फोन करतो आणि त्या घराचा भाव आता कुठे गेलाय ते सांगतो. मित्राने तिथेच घेतलं, तो कसा सुटला. आपण कसे मागे राहिलो. त्याच्या आवाजामागे भांडी वाजत असतात, इरा शाळेतलं काहीतरी इंग्रजीत रंगवून सांगत असते आणि मुग्धा मोठ्याने हसत असते.

"आई, ऐकतेयस ना?" तो विचारतो.

"ऐकतेय," मी म्हणते.