आज आवाज नको

पडदेवालीच्या डाव्या डोळ्यात सकाळी नऊला नागमोडी रेघ चमकली आणि तिने हातातलं शिवण तिथेच टाकलं. रेघ आली की अर्ध्या तासात अर्धशिशी दारात हजर. तेवढ्यात सगळं घर लावायचं होतं.

लोकांच्या खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे शिवणारी ही बाई, पण स्वतःच्या खोलीला काळ्या कापडाचे तीन थर. नवरा जहाजावर, महिनोन्महिने बेपत्ता. घरात ती आणि सासरे. सासरे जन्मापासून आंधळे. टेलिफोन ऑपरेटर म्हणून आयुष्यभर बोलले, आणि निवृत्त झाल्यावर उरलेलं सगळं बोलणं सुनेच्या वाट्याला आलं. तिची काही तक्रार नव्हती. या घरात तिला जीव लावला तो याच माणसाने.

घराचा नियम एकच, वस्तू जागची हलवायची नाही. सासरे पावलं मोजत फिरत. खुर्चीपासून ओट्यापर्यंत अकरा, ओट्यापासून बाथरूमपर्यंत सात. पण नणंदेने गेल्या वेळी बजावलं होतं, "वहिनी, तू दिवस दिवस आडवी असतेस. बाबा एकदा जरी पडले ना, तर मी त्यांना संस्थेत ठेवणार. मग रडू नकोस." नणंद वाईट नव्हती. खरं तेच बोलली, म्हणून तर जास्त झोंबलं.

तिने जेवणाचे दोन डबे भरले. दुपारच्याला एक रबर, संध्याकाळच्याला दोन. गोळ्या वाटीत, वाटी खुर्चीच्या उजव्या हाताला. दारावरच्या घंटीची वायर काढली. ओले रुमाल फ्रीजमधून उचलून खांद्यावर टाकले.

"बाबा, आज आवाज नको."

"तोंडाला कुलूप घातलं बघ. किल्ली तुझ्याकडे," सासरे म्हणाले आणि त्यांनी रेडिओही बंद केला.

राहिली बादली. बाथरूममधून ती घेऊन निघाली, तर वाटेत फोन दिसला. तो वाजला तर मेलेच, म्हणून बादली खाली ठेवून तिने रिसीव्हर काढून ठेवला. तेवढ्यात डाव्या बाजूचं अर्धं जग दिसेनासं झालं. भिंत धरत ती खोलीत शिरली आणि दार लोटलं.

मग डोक्यात घण बसायला लागले. तासाभराने पोटात ढवळलं. हात खाली घालून तिने बादली चाचपली. बादली नव्हती. ती ओल्या रुमालातच ओकली. बादली गेली कुठे, एवढा विचार करायलाही डोकं जागेवर नव्हतं. दुपारी कधीतरी काहीतरी धप्पकन आपटलं. तिला वाटलं, डोक्यातच. असल्या दिवशी डोक्यात काय काय आपटत असतं. देवा, आता मारून तरी टाक, असं ती उशीत तोंड खुपसून म्हणत राहिली.

दिवस कलताना डोकं जरा उतरलं. तिने दार उघडलं आणि पाय बादलीला लागला. बादली उंबऱ्याशी नीट उभी होती. तिच्यापलीकडे, हातभर अंतरावर, सासरे फरशीवर पडलेले. एक पाय भलतीकडेच वळला होता. पायजमा ओला होता.

"उतरलं का गं डोकं?" ते कुजबुजले.

"बाबा! कधी पडलात?"

"जेवलो, मग बाथरूमला निघालो. सातातली चारच पावलं झाली."

"अहो, हाक का नाही मारलीत?"

"आवाज नको म्हणालीस ना. आणि तुला उलटी होते, बादली लागते. म्हणून ती ढकलत ढकलत दारापर्यंत आणली. पुढे काही सरकता येईना."

तिने फोनचा रिसीव्हर जागेवर ठेवला. रडायलाही वेळ नव्हता. आधी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला, मग नणंदेचा नंबर फिरवला.

"माझा मीच पडलो म्हणून सांग," सासरे म्हणाले. "नाहीतर ती मला नेईल."

"ताई, बाबा पडले. पाय मोडलाय बहुतेक." तिचा आवाज चढत चालला होता. "बादली वाटेत मी ठेवली होती. मी."

सासऱ्यांनी चाचपडत तिचा पाय शोधला आणि त्यावर हात ठेवला.

"हळू बोल, सूनबाई," ते म्हणाले. "डोकं पुन्हा चढेल."