दगड चालतो कामून?

परकीय भाषेच्या सरावासाठी कोठे जावे, याविषयी उत्रेख्तमधील माझ्या मराठीच्या बाईंचे मत ठाम होते. "पुण्याला गेलीस, तर तू मराठीत विचारशील आणि लोक इंग्रजीत उत्तर देतील. संभाजीनगरला जा. तिथे तुझ्याशी कुणी इंग्रजी बोलणार नाही." मी, फेम्के, आज्ञाधारक डच विद्यार्थिनी, एका सत्रासाठी तेथील महाविद्यालयात प्रवेश घेऊन निघालेसुद्धा. रंगमंचावर एक तरी मराठी वाक्य बोलल्याशिवाय परतणार नाही, असे मात्र निघताना बाईंना उगाचच सांगून बसले.

मुंबईहून विमानाने थेट शहराच्या चिकलठाणा विमानतळावर उतरता येते. तरीही मी रेल्वेची शिफारस करीन, कारण पहाट होता होता खिडकीबाहेर कपाशीची शेते सुरू होतात आणि आपण कोठे आलो आहोत हे डोळ्यांना आधी कळते. स्थानकाबाहेर शेअर रिक्षा मिळतात. भाडे बसण्यापूर्वी विचारावे. रिक्षेतील आसनव्यवस्था हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे: चालकाच्या दोन्ही बाजूंसही प्रवासी बसतात, आणि चालक स्वतः उरलेल्या जागेत बसतो. मी बाहेर उभी राहून हे निरीक्षण करीत असता चालक म्हणाला, "उभ्या कामून, मॅडम?"

मला ऐकू आले: उभ्या? कम ऑन, मॅडम!

मी तत्परतेने आत शिरले. पहिलाच माणूस इंग्रजी बोलला होता. बाईंची मला कीव आली.

पुढील काही आठवड्यांत माझे अनुमान दृढ होत गेले. वसतिगृहातील माझी सोबतीण वैशाली, मूळची देवगाव रंगारीची, तिने पहिल्याच दिवशी फेम्केचे 'फेमस' केले. "फेमस, खोलीत एकटीच बसली कामून?" ती म्हणे, आणि मी चपला घालून तिच्यामागे निघे. खानावळवाले काका नान खलियाच्या मटणरश्शावरील लाल तवंगाकडे पाहून बिचकलेल्या मला म्हणत, "घाबरायली कामून?" आणि मी धीर करून नान बुडवी. (वाचकांनीही बुडवावा. डोळ्यांतून पाणी येते, पण ते थांबते.) शास्त्रीय दृष्टीने पाहता माझे गृहीतक निर्दोष होते, प्रत्येक प्रयोगात अर्थ चपखल बसत होता. मराठवाडा इंग्रजी बोलतो, फक्त एकच शब्द बोलतो, आणि तो सदैव प्रोत्साहनपर असतो.

वैशालीने मला महाविद्यालयाच्या नाट्यमंडळात नेले. तेथे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका बसत होती. कथानक साधे: फाट्यावर एसटीची वाट पाहणारी म्हातारी आणि शेजारी मैलाचा दगड. एसटी काही येत नाही, म्हणून म्हातारी दगडाशीच बोलत राहते. म्हातारी वैशाली. दगड मी.

"मला वाक्ये किती?" मी विचारले.

"दगडाला?" दिग्दर्शक नितीन म्हणाला. तो भर उन्हातही मफलर गुंडाळून असे. "आधी दगड तर हो. जमला, तर वाक्याचं बघू."

पुठ्ठ्याला पांढरा रंग आणि डोक्यावर पिवळा पट्टा, अशा वेशात मी उभी राहिले. वैशालीने काठी टेकली आणि कळवळून विचारले, "सांग की रं दगडा, एसटी यीना कामून?"

इतक्या आर्जवाने कोणी बोलावले, तर न जाणे असभ्यपणाचे ठरेल. मी तिच्याकडे गेले.

"थांबा!" नितीन ओरडला. "दगड हलला कामून?"

मी नितीनकडे वळले.

"अगं, इकडं आली कामून?"

मी आणखी जवळ गेले. माझा पुठ्ठा त्याच्या मफलरला लागला.

"वैशे, ही माझी थट्टा करायली का गं?" त्याने मान मागे घेत निर्णय दिला. "पुन्हा हलली, तर दगड थर्माकोलचा. तो तरी जागेवर राहील."

माझे वाक्य तर दूरच, आता दगडपणही धोक्यात आले होते. माझी समजूत काढायला वैशाली मला रविवारी देवगावला घेऊन गेली. एसटी दौलताबादच्या जुन्या कमानीतून अंग चोरून निघते, मग घाट चढून खुलताबाद, वेरूळ आणि कसाबखेडा मागे टाकते. जागा खिडकीची धरावी. दृश्यासाठी आणि तितकीच वाऱ्यासाठी.

वैशालीच्या आईंनी बाजरीची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. "खाईना कामून?" त्या म्हणाल्या. मी खाल्ले. "आता रडायली कामून?" त्यांनी विचारले. अश्रू पुसत मी आदराने म्हणाले, "काकू, आपले इंग्रजी अत्यंत ओघवते आहे."

"म्या? इंग्लिश? आगं बाई, मला एबीसीडी बी येत नाय."

"परंतु आपण आत्ताच 'कम ऑन' म्हणालात."

वैशालीच्या हातची भाकरी ताटात पडली. "आये! ही 'कामून'ला 'कम ऑन' समजायली!" आणि ती भिंतीला टेकून पोट धरून हसू लागली. "अगं फेमस, 'कामून' म्हंजी कशामुळं!"

"मंग 'कामून'ला तुमच्या पुस्तकात काय म्हनतेत?" काकूंनी गंभीरपणे विचारले.

"का," मी म्हणाले.

"निस्तं 'का'?" काकूंना माझ्या पुस्तकाची दया आली. "येवढ्या मोठ्या प्रश्नाला येवढुसा शब्द पुरतो व्हय?"

परतीच्या एसटीत मी सर्व पुरावे नव्याने तपासले. रिक्षावाल्याने मला बोलावले नव्हते. उभी का, असे विचारले होते. काकांनी धीर दिला नव्हता. त्यांना कुतूहल होते. इतके दिवस हे शहर मला प्रश्न विचारत होते आणि मी उत्तरादाखल चालत सुटत होते.

नितीनने हे ऐकले आणि मफलरमध्ये तोंड खुपसून तो बराच वेळ हसला. नंतर म्हणाला, "घे तुझं वाक्य. शेवटी एसटी येते, म्हातारी चढून जाते, दगड एकटा उरतो. तव्हा म्हण: 'मला नेलं नाय कामून?' आणि लक्षात ठेव, हलायचं नाय."

स्पर्धेच्या दिवशी वैशालीने तो शब्द कितीदा उच्चारला, तरी मी तसूभर हलले नाही. पुठ्ठ्याच्या आत घामाघूम होऊन एसटीची वाट पाहिली. एसटी आली, गेली. प्रकाश मंदावला. मी बोलले, "मला नेलं नाय कामून?"

तेवढ्यात मागच्या रांगेतून एका आजोबांचा खणखणीत आवाज आला, "चाल की मंग!"

'कामून'बद्दल मला बजावले होते. 'चाल'बद्दल कोणीच काही सांगितले नव्हते. मी निघाले. विंगेत पुठ्ठा अडकला; तिरकी होऊन बाहेर पडले. मागे टाळ्या आणि शिट्ट्या थांबेनात.

पारितोषिक मिळाले नाही. दगडाचे प्रस्थान आशयाशी विसंगत आहे, असे परीक्षकांचे मत पडले. "बक्षीस गेलं," नितीन म्हणाला, "पण लोकं लई दिवस सांगतेल, एका पोरीचा दगड चालला." त्याने मला मफलर दिला. उत्रेख्तच्या थंडीत तो पहिल्यांदाच आपल्या कामाला लागला.

बाईंना भेटून मी मान्य केले की त्यांचे म्हणणे खरे होते. तिथे माझ्याशी कोणीही इंग्रजी बोलले नाही. त्याच संध्याकाळी कालव्याकाठी सायकलने जाताना माझी आयरिश मैत्रीण पुढून ओरडली, "कम ऑन!"

मी सायकल थांबवली, एक पाय जमिनीवर टेकला आणि तिला सविस्तर कारण सांगू लागले.