फोटोंना दिलेली जागा

फोटो स्टुडिओत तिला सगळे वहिनी म्हणत. स्टुडिओ दोन भावांचा. थोरले काउंटरवर बसत, धाकटा कॅमेरा सांभाळी, आणि वहिनी ही धाकट्याची बायको. लग्नाआधी ती एका कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघायची. त्यामुळे आतल्या खोलीतला कॉम्प्युटर कुणी न सांगताच तिच्या गळ्यात पडला. थोरले गिऱ्हाइकांना सांगत, "या आमच्या इंजिनीअरबाई." त्यात साखर किती आणि चिमटा किती, हे तिला बरोबर कळायचं.

नवा कॉम्प्युटर आला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही सिस्टीम टाकायचं ठरलं, तेव्हा तिने डिस्कची आखणी थोरल्यांना समजावून सांगितली.

"भाऊजी, डिस्कचे कायमचे तुकडे पाडायला नकोत. सगळी जागा एका साठ्यात घेऊ. त्यातून सिस्टीमला एक भाग, फोटोंना मोठा भाग. उरेल ते सध्या कुणालाच द्यायचं नाही."

"कुणालाच नाही? मग विकत कशाला घेतली?"

"ज्याला कमी पडेल त्याला त्यातून वाढवून देता येतं, चालू कामात. पण एकदा दिलेली जागा परत काढून घेणं म्हणजे जिवावरचं दुखणं. म्हणून देताना हात आखडता ठेवायचा. आणि ही दुसरी डिस्क साठ्यात घ्यायचीच नाही. हिच्यावर रोज फोटोंची नक्कल उतरेल."

"माहेरची सवय," थोरले हसत म्हणाले. "असेल ते झाकून ठेवायचं."

नवरा लेन्स पुसत होता. तो पुसतच राहिला.

पुढे काही वर्षं सगळं सुरळीत चाललं. फोटोंचा भाग भरत आला की वहिनी साठ्यातून थोडी जागा जोडून द्यायची, आणि शेजारी बसून फोटो छापणाऱ्या पोराला त्याचा पत्ताही लागायचा नाही. बिनबोभाट होणाऱ्या कामाचं कौतुक कोण करतो?

मग तिचे वडील आजारी पडले आणि ती माहेरी गेली. नेमकं त्याच सुमारास शाळांच्या फोटोंचं काम आलं. फोटोंचा भाग भरला. एक फोन केला असता तर तिने तिथूनच सांगितलं असतं काय करायचं. थोरल्यांनी फोन केला नाही. त्यांनी धाकट्याकडे पासवर्ड मागितला, त्याने दिला. समोरच्या गल्लीतला लॅपटॉप दुरुस्तीवाला आला आणि त्याने थोरल्यांच्या सांगण्यावरून सगळी मोकळी जागा फोटोंच्या नावे करून टाकली. नकलेची डिस्कही पुसून त्यातच जोडली.

"बघ," थोरले भावाला म्हणाले, "एवढी जागा ही बाई अडवून बसली होती."

आठवडाही गेला नसेल, सिस्टीमचा भाग भरला. सिस्टीमला वाढवून द्यायला साठ्यात आता काहीच शिल्लक नव्हतं. मशीन सुरू होईना. तेव्हा कुठे नवऱ्याचा फोन आला. हॉस्पिटलच्या बाकावर बसून वहिनीने सगळं ऐकलं. नकलेच्या डिस्कचं ऐकल्यावर ती उठून उभी राहिली; फोटोंची आता एकच प्रत उरली होती.

"अहो, कशाला हात लावू देऊ नका. मी सकाळी येते. फोटोंच्या भागातून जागा काढायची तर आधी आतली फाइलींची मांडणी लहान करावी लागते, मग तो भाग. उलट केलं तर फोटोंवरच सुरी चालेल. त्या दुरुस्तीवाल्याला एवढं सांगा."

"सांगतो," तो म्हणाला.

ती पोचली तेव्हा मशीन सुरू झालं होतं, पण फोटो उघडत नव्हते. फोटोंच्या भागातून कापून काढलेली जागा सिस्टीमला देऊन झाली होती, तिच्यावर नवं लिहूनही झालं होतं. दुरुस्तीवाला कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "वहिनी, आधी काय, मग काय, मला कुणी काही सांगितलंच नाही हो."

तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"दादा घाईत होता," तो पुटपुटला. "मध्येच कसं बोलायचं?"

जे हाती लागलं ते तिने वेचून काढलं. बऱ्याच फोटोंत कपाळ होतं आणि खाली राखाडी पट्टे. थोरल्यांनी येईल त्याला सांगितलं, "हिच्या आखणीचाच घोळ. सरळ सगळं एकत्र ठेवलं असतं तर ही वेळच आली नसती." खापर फुटायला डोकं लागतं, ते घरातच होतं.

त्यानंतर एक दिवस एक निवृत्त नर्सबाई आल्या. त्यांच्या मुलाने नोकरीच्या अर्जासाठी इथे फोटो काढला होता. मुलगा वारला होता. त्यांना तो फोटो मोठा करून हवा होता. थोरल्यांनी आत हाक मारली, "ये गं, तूच सांग यांना."

वहिनीने सांगितलं. फोटो राहिला नाही, एवढंच.

बाईंनी काउंटरची कड धरली. "सांभाळत कोण होतं?"

थोरले पावतीपुस्तक चाळू लागले. नवरा दिव्याची वायर गुंडाळत पाठमोरा झाला.

"मीच," वहिनी म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. मग त्या निघून गेल्या.

रात्री नवरा म्हणाला, "तू कुणाचं नाव घेतलं नाहीस, बरं केलंस. दादालाही ते बरं वाटलं."

तिने त्याचं ताट वाढून समोर ठेवलं, स्वतःचं उचललं आणि आतल्या खोलीत गेली. अजूनही दोघं तशीच, वेगवेगळ्या खोल्यांत जेवतात.